वहीतली बेचाळिसावी ओळ

"मॅडम, एंटर मारू नका. जरा दमा, ओळ उतरून घेतो."

माझं बोट एंटरवर होतं आणि डोळे भिंतीवरच्या घड्याळावर. पावणेसहा वाजले होते आणि सहाला प्राचार्य शिंत्रे सर लॅब बघायला येणार होते. होडगेमामा माझ्या खुर्चीमागे शंभर पानी वही तळहातावर धरून उभे होते आणि पडद्यावरचं एकेक अक्षर चित्र काढावं तसं उतरवत होते.

"आय डब्ल्यू. मग जागा. आर ई जी. मग जागा. एस ई टी. शेवटाला यू एस. ही दोन मोठी हायती व्हय?"

"हो, मोठीच."

"झाली. बेचाळीस नंबरची ओळ. आनी ही कशाची?"

"रेंज वाढवायची," मी म्हणाले आणि एंटर मारलं.

ही दहा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी चोवीस वर्षांची होते आणि पुण्यातल्या एका लहानशा कंपनीत प्रोबेशनवर होते. आजऱ्याच्या बाजूला एका गावात नर्सिंग कॉलेज होतं. गावाचं नाव मी सांगणार नाही. तिथल्या नव्या लॅबमध्ये बत्तीस कॉम्प्युटर लागले होते आणि ते सगळे वायफायवर चालवायचे होते, कारण शिंत्रे सरांनी नुकताच भिंतींना रंग दिला होता आणि वायरींसाठी त्यात भोकं पाडायला ते तयार नव्हते. प्रत्येक कॉम्प्युटरला मागे वायफायची काडी, म्हणजे पेनड्राइव्हसारखा डोंगल, खोचायची, ती चालू होते का पाहायचं आणि नाही झाली तर तिच्या मागे लागायचं, हे माझं काम. माउसने टिचक्या मारत हे करणाऱ्यांना मी तेव्हा कमी समजायची. मी कमांड लिहायचा काळा पडदा उघडायची आणि ओळी लिहायची. चोविसाव्या वर्षी माणसाला कशाचा तोरा असावा याला काही धरबंध नसतो.

होडगेमामा त्या लॅबचे शिपाई. पन्नाशीला आलेले, सातवीपर्यंत शिकलेले, नऊ वर्षं हंगामी. पहिल्या दिवशी मी ओळी लिहिताना बघून त्यांनी विचारलं, "तुमी गेल्यावर हे बंद पडलं तर मी काय करायचं वो?" मी गमतीने म्हटलं, लिहून घ्या. दुसऱ्या दिवशी ते वही घेऊन हजर. पहिल्या पानावर त्यांनी माझ्याकडूनच माझं नाव आणि फोन नंबर लिहून घेतला. त्याखाली, मी शिकवलेली पहिली गोष्ट त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली होती: बिघाड झाला की आधी विचारायचं, काल चालत होतं का? मग कालपासून काय बदललं?

आठ दिवसांत एक्केचाळीस ओळी झाल्या होत्या. काडी दिसते का पाहायची ओळ, झोपली असेल तर उठवायची ओळ, आसपासची नेटवर्कं मोजायची ओळ. प्रत्येकीसमोर मराठीत अर्थ. एकदा मी जेवून येईपर्यंत त्यांनी सतरा नंबरचा कॉम्प्युटर वहीत बघून स्वतः जोडला होता आणि त्याच्यासमोर हाताची घडी घालून बसले होते.

"सोमवारी माझा कागद जातोय, मॅडम," बेचाळिसावी ओळ लिहिली त्या दिवशी दुपारी चहा पिताना ते म्हणाले होते. "कायम करायचा. उद्याची परीक्षा नीट पार पडली की सही करतो म्हनलेत सर. नऊ वर्सं झाली. पोरगी सातवीला हाय, तिला सांगून ठेवलंय, तुझा बा आता लॅबवाला."

उद्याची परीक्षा म्हणजे बत्तीस मुलींची पुढच्या अभ्यासक्रमाची प्रवेशपरीक्षा, राज्यभर एकाच वेळी. नऊ ते साडेनऊमध्ये ऑनलाइन आत शिरायचं, नंतर दार बंद.

सगळं जमलं होतं, फक्त मागच्या रांगेतले चार कॉम्प्युटर मधूनच तुटत होते. त्यांच्या आणि राउटरच्या मध्ये एक लोखंडी कपाट होतं. कपाट सरकवलं असतं तर काम झालं असतं. पण कपाट सरकवण्यात काय शहाणपण? मी इंटरनेटवर शोधलं. कुठल्याशा परदेशी माणसाने लिहिलं होतं, कॉम्प्युटरला देश अमेरिका सांगा, काडीची ताकद वाढते. मी ती ओळ चारांना दिली. ते टिकले. मग मी ती बत्तीसच्या बत्तीस कॉम्प्युटरना दिली आणि सुरू होताना ती आपोआप चालेल अशी सोयही केली. त्याची काही गरज नव्हती.

सहाला शिंत्रे सर आले. बत्तीस पडदे एकदम उजळलेले बघून खूश झाले. "वा, केतकी मॅडम," म्हणाले. ते गेल्यावर होडगेमामांनी केर काढला, खिडक्या लावल्या आणि दाराशेजारचा मेन स्विच खाली केला. रोज करायचे. दाराच्या आतल्या बाजूला सरांच्याच सहीची सूचना चिकटवलेली होती: कुलूप लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करणे. दोन वर्षांपूर्वी ऑफिसात स्टॅबिलायझर पेटला होता, तेव्हापासूनची.

सकाळी साडेआठला लॅब उघडली. कॉम्प्युटर सुरू झाले आणि एकालाही नेटवर्क दिसेना.

माझ्या फोनवर मात्र नेटवर्क भरभरून दिसत होतं. काळा पडदा उघडून मी आसपासची नेटवर्कं मोजली. समोरचा फोटो स्टुडिओ दिसला, दातांचा दवाखाना दिसला, आमचंच तेवढं नव्हतं. मी काड्या काढून परत खोचल्या. काड्या झोपवल्या, उठवल्या. राउटर चालूच होता, हिरवे दिवे नीट लुकलुकत होते, म्हणून मी कॉम्प्युटरच्याच मागे लागले. मुली पांढऱ्या गणवेशात येऊन बसायला लागल्या. कुणी हॉल तिकिटाची घडी उघडत होती, कुणी परत घालत होती.

नऊला दहा कमी असताना होडगेमामा माझ्या खांद्याशी येऊन हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, काल चालत हुतं न्हवं? मग कालपासनं बदललं ते एवढंच." आणि त्यांनी वही पुढे धरली. बेचाळिसाव्या ओळीवर बोट.

"मामा, प्लीज. मध्ये बोलू नका."

"न्हाई, मी म्हनतोय ते—"

"तुम्हाला कळतं का त्यातलं काही?"

ते मागे सरकले. मागच्या बाकावरच्या दोघी-तिघींनी ऐकलं. मी ओळीमागून ओळी मारत राहिले. नऊ वाजले, सव्वानऊ वाजले. शिंत्रे सर दारात उभे राहिले, मग आत आले, मग माझ्या अगदी पाठीशी येऊन उभे राहिले.

नऊ चौतीसला मी माझा लॅपटॉप वायरने राउटरला जोडला. त्याच्या पानावर लिहिलं होतं: चॅनल, आपोआप, १३.

वायफायला हवेत ठरलेल्या वाटा, म्हणजे चॅनल, असतात, एक ते तेरा. आपल्याकडे तेराही मोकळ्या आहेत. अमेरिकेत पहिल्या अकराच चालतात. राउटर दर वेळी सुरू होताना जी वाट रिकामी दिसेल ती धरतो. काल त्याने सहावी धरली होती, आज तेरावी. कॉम्प्युटर तिकडे बघतच नव्हते, कारण मी काल संध्याकाळी बत्तीसांनाही सांगून ठेवलं होतं की तुम्ही अमेरिकेत आहात.

मी राउटर हाताने सहाव्या वाटेवर आणला. एका मिनिटात सगळे कॉम्प्युटर जोडले गेले. एका मुलीने टाळी वाजवली. मग बत्तीस पडद्यांवर एकच वाक्य आलं: प्रवेशाची वेळ संपली आहे.

पहिल्या बाकावरची एक मुलगी तेवढं वाक्य पुन्हा पुन्हा वाचत राहिली.

"काय झालं होतं?" शिंत्रे सरांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. प्रोबेशनचा शेवटचा महिना, पुण्याहून साहेबांचे तीन मिस्ड कॉल, हे सगळं मला त्या क्षणी आठवलं. हे आठवलं नसतं तर मी खरं बोलले असते, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. तेही खरं नसावं.

"राउटरने चॅनल बदललं, सर."

"आपोआप कसं बदलेल?"

"रात्री बंद होऊन परत चालू झाला की बदलू शकतं."

"बंद कुणी केला?"

"मी केला, सर," होडगेमामा लगेच म्हणाले. "मेन खाली केला की त्योबी बंद हुतोय. रोजच करतोय मी."

"उद्या परीक्षा आहे हे माहीत होतं ना तुला? राउटर बंद करायचा नसतो एवढं कळत नाही?"

"सर, तुमचीच नोटीस हाय दारावर."

ते उद्धट बोलले नव्हते. विचारलं ते सांगितलं, इतकंच. पण बत्तीस मुलींच्या समोर प्राचार्यांना त्यांची नोटीस दाखवायची नसते. सरांचा चेहरा तांबडा झाला. त्यांनी हात पुढे केला. "लॅबची किल्ली दे."

मामांनी खिशातून किल्ली काढली. तिला एक लाल लोकरीचा गोंडा होता. तो सोडवून घ्यावा की तसाच द्यावा हे त्यांना ठरवता येईना. शेवटी गोंड्यासकट दिली.

सरांच्या केबिनमध्ये मी कंपनीचा अहवाल लिहिला: राउटरचा वीजपुरवठा रात्री खंडित झाल्याने चॅनल बदलले व संगणकांशी संपर्क तुटला. खाली सही केली. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. मी ते वाक्य इतक्या सावधपणे रचलं होतं की लिहून झाल्यावर मला थोडं बरंही वाटलं. याची आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

बाहेर व्हरांड्यात मामा उभे होते, काखेत वही.

"मॅडम, तुमाला एकच इचारायचंय. मग जातो." त्यांनी पान उघडलं. "आठ दिस मी रोज मेन बंद करतोय. रोज सकाळी राऊटर नवा चालू हुतोय. एकदाबी काय झालं न्हाई. आन काल ही ओळ मारली, आज झालं. म्हनून इचारतोय. हिचं तर काय न्हवं?"

माझ्या ऑफिसातल्या कुणी सीनियरने इतका नेमका प्रश्न विचारला नसता. मीच त्यांना शिकवलं होतं आणि ते माझ्याहून चांगलं शिकले होते. व्हरांड्यात आम्ही दोघंच होतो. मी तेव्हा हो म्हटलं असतं तर ते वही घेऊन केबिनमध्ये गेले असते, आणि ओळीपुढे तारीख होती.

"नाही मामा," मी म्हणाले. "ती ओळ चांगली आहे."

"नक्की न्हवं?"

"नक्की. सगळीकडे मारावी अशी ओळ आहे ती."

त्यांनी खिशातलं पेन काढलं, व्हरांड्याच्या कठड्यावर वही टेकवली आणि मी सांगितलं ते लिहून घेतलं. "मग माझंच चुकलं म्हनायचं," ते म्हणाले. "पोरींचं वर्स गेलं वो."

मग ते वसतिगृहाच्या दिशेने गेले. मी व्हरांड्यातून बघत होते. सगळ्या मुली अजून फाटकापाशीच घोळक्याने उभ्या होत्या. मामांनी डोक्यावरची टोपी काढली आणि त्यांच्यासमोर हात जोडले.

मी लॅबमध्ये परत गेले. शेवटची तपासणी करते म्हणून सांगितलं, दार लोटून घेतलं आणि एकेक करून बत्तीस कॉम्प्युटरमधून ती ओळ पुसली. कपाटही सरकवलं. एकटीने, पाच मिनिटांत. दुपारच्या एसटीने मी निघाले तेव्हा ती ओळ जगात एकाच ठिकाणी उरली होती.

दोन महिन्यांनी काही कामासाठी मी कॉलेजच्या लॅबला फोन केला. कुणी दुसराच बोलला. होडगे कुठे, तर म्हणाला, ते आता वसतिगृहाच्या पाण्याच्या पंपावर असतात, जूनपासून तेही काम राहणार नाही. मी कायम झाले होते. आता माझ्या हाताखाली अकरा जण आहेत. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी सांगते, कालपासून काय बदललं ते आधी विचारा. हे मॅडमचं वाक्य म्हणून ऑफिसात प्रसिद्ध आहे.

गेल्या वर्षी एका रविवारी दुपारी मी शेंगा सोलत बसले होते तेव्हा फोन वाजला. अनोळखी नंबर.

"केतकी मॅडम का? मी प्रणाली होडगे. यशवंत होडगेंची मुलगी. नर्सिंग कॉलेजच्या लॅबमध्ये होते ते. वहीत तुमचा नंबर होता, लागेल असं वाटलं नव्हतं."

तिच्या मागे पंखा कुरकुरत होता. जुना, आस झिजलेला. त्या आवाजामुळे तिला थोडं मोठ्याने बोलावं लागत होतं.

"बोल," मी म्हणाले.

"मी पण हेच काम करते, मॅडम. पंचायती, शाळा, बँका, त्यांचं वायफाय. आयटीआय नंतर केलं, पण खरं शिकले बाबांच्या वहीवर. त्या ओळी मला पाठ आहेत. सगळ्या चालतात, एक सोडून. परवा एका बँकेत रेंज मिळेना म्हणून ती मारली. काल सकाळी त्यांचे दोन कॉम्प्युटर गायब. राउटर तेरावर गेला होता. मी बघितलं, कळलं, काढून टाकली. एवढं काही अवघड नाही ते."

"नाही," मी म्हणाले. "अवघड नाही."

"तर मी घरी येऊन वही काढली. ओळीपुढे तारीख आहे, परीक्षेच्या आदल्या दिवसाची. आणि बाबांनी लिहिलंय, मॅडम म्हणाल्या, ही ओळ चांगली. सगळीकडे मारावी." वहीचं पान वाजलं. "हे त्यांनी परीक्षा झाल्यावर लिहिलंय. तिथे त्या दिवशीची तारीख आहे. तुम्हाला तेव्हा कळलं होतं का, मॅडम?"

शेंगांची परात माझ्या मांडीवर होती. मी ती खाली ठेवली.

"हो. कळलं होतं."



"कॉलेज सुटल्यावर ते काजूच्या कारखान्यात राखणदारी करत होते," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "त्याचं मला काही नाही. सगळेच काम करतात. पण मॅडम, ती परीक्षा परत कोल्हापूरला झाली, तिला चार मुली गेल्याच नाहीत. एकीचं तेवढ्यात लग्न ठरवलं. ती आमच्या खालच्या गल्लीतली. बाबा त्या गल्लीने जात नाहीत. आणि घरात एकही बटण ते स्वतः बंद करत नाहीत. लाइट, पंखा, टीव्ही, काही नाही. आईला हाक मारतात, नाहीतर मला. नसलो आम्ही तर तसंच चालू राहतं. आम्ही लहानपणी हसायचो त्यांना."

माफ कर, म्हणायचं ते हिला की त्यांना, आणि म्हणून काय होणार होतं?

"ते इथेच बसलेत. मी अजून परीक्षेचं काही सांगितलं नाही. नुसतं म्हटलं ओळ चुकीची आहे, तर माझ्यावर चिडले. म्हणाले, मॅडमनी सांगितलंय, तूच काहीतरी चुकीचं मारलं असशील."

"त्यांना फोन दे."

फोन हातातून हातात गेला. खोकल्याचा आवाज आला.

"मॅडम? नमस्कार. ओळखलं काय? बगा, ही पोरगी काय म्हनत्या. तुमीच सांगा हिला."

"मामा," मी म्हणाले, "ती ओळ खोडा."

"आं?"

"ती बेचाळिसावी. ती चुकीची आहे. त्या दिवशी जे झालं ते त्या ओळीमुळे झालं. मेन बंद केल्यामुळे नाही. तुम्ही मला दोनदा विचारलंत. मला माहीत होतं आणि मी खोटं बोलले."

पंखा कुरकुरत राहिला. मला वाटलं त्यांना ऐकू आलं नसावं. मी पुन्हा सांगणार, तेवढ्यात ते बोलले.

"म्हंजे पोरींचं ते मी केलं न्हवतं."

"नाही, मामा. मी केलं."

"मेन बंद केला त्येनं न्हवं."

"नाही. तुमचं काहीच चुकलं नव्हतं."

फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. मग पावलं, सावकाश. मी फोन कानाला घट्ट धरून बसले होते. खट्ट झालं. पंख्याची कुरकुर मंदावत गेली, अडखळली आणि थांबली.

पलीकडे कुणीतरी फोन उचलला.

"बाबांनी बंद केला," प्रणाली म्हणाली आणि तिने फोन ठेवला.